भाचीच्या नावाचा पुकारा

कोर्टातला शिपाई पुकारा करताना आधी माझ्या भाचीचं नाव घ्यायचा. मग जरा श्वास घेऊन 'बनाम', आणि मग माझ्या भावाचं. म्हणजे पोर एका बाजूला आणि बाप दुसऱ्या बाजूला. इंदूरच्या फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा मी शेजारी बसलेल्या बाईला म्हटलं, "अहो, आमची तर पहिलीत आहे!" ती म्हणाली, "माझा तर अजून रांगतो." आणि तिच्या पोराचं नाव पुकारलं तशी त्याला काखोटीला मारून आत गेली.

केस पोटगीची होती. भावजयीनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. "माझं मी कमावते, मला ह्यांच्याकडून एक पैसा नको. पोरीचं तेवढं द्या," एवढंच तिचं म्हणणं. म्हणून अर्ज पोरीच्या नावानं, आई फक्त पालक म्हणून सही करणारी. कायद्याला हे अगदी साधं वाटत असेल. पण पुकारा झाला की माझी नजर दर वेळी भावाकडे जायची.

एका पेशीला, म्हणजे तारखेला, जजसाहेबांनी पोरीला बघायला बोलावलं. शाळेतून तशीच आणलेली, युनिफॉर्ममध्ये, गळ्यात पाण्याची बाटली. खरं तर मी भावाच्या बाजूनं गेलेली, पण ती येऊन बसली माझ्याच मांडीवर. आत्याला काय बाजू असते? शिपायानं खणखणीत आवाजात तिचं नाव घेतलं, आणि ही टुणकन उडी मारून उभी राहिली, हात वर करून ओरडली, "यस सर!"

सगळा व्हरांडा हसला. काळे कोटवाले हसले, शिपाई हसला, पलीकडे तोंड फिरवून उभी असलेली भावजयसुद्धा ओठ दाबून हसली. माझा भाऊ तर कित्येक महिन्यांनी हसला. "माझी पोरगी आहे भिया, हजेरीला पक्की," असं त्यानं ओळख ना देख अशा एका माणसाला सांगितलं. मी ब्लाऊज शिवते, दिवसभर बायकांची मापं घेते, आणि मापं घेताना माझं तोंड बंद नसतं. हा किस्सा मी पुढं किती जणींना सांगितला असेल! हाताची अॅक्शन करून, हुबेहूब. बायका हसून हसून वाकायच्या आणि माप चुकायचं.

भाऊ माझ्याहून धाकटा. पोलोग्राउंडला त्याचा छोटा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक शेड, एक लेथ मशीन आणि एक बंद पंखा. पंपाचे बुश, शाफ्ट असलं काहीबाही तो त्यावर घासायचा. हात सोन्यासारखा. लोक दुसऱ्यांनी बिघडवलेलं काम याच्याकडे आणायचे. मशीन आमच्या वडिलांच्या पैशातून आलेली. ते मिलमध्ये क्लार्क होते, मिल बंद पडली, हातात जे आलं ते त्यांनी मुलाच्या मशीनमध्ये घातलं. दसऱ्याला भाऊ त्या मशीनला झेंडूचा हार घालून पहिला पेढा तिच्या पुढ्यात ठेवायचा. भावजय एकदा माझ्याजवळ म्हणाली होती, "ताई, मशीनला अख्खा पेढा, आणि मला डब्यातला चुरा." मी हसण्यावारी नेलं. तिला तेव्हा हसू येत नव्हतं.

आमच्या घराण्यात एक अकड आहे. पणजोबा म्हणे होळकरांच्या पागेत होते. घोड्यावर बसत होते की घोड्यांना खरारा करत होते हे आज कुणालाच ठाऊक नाही, पण घरातले सगळे बोलतात ते बसल्यासारखं. भावाकडे त्या अकडीचा मोठा वाटा आला. दारू नाही, बाई नाही, मारहाण नाही. तोंड उघडायचं ते ओरडायला, नाहीतर आठवडा आठवडा अबोला. अबोल्यानं माणूस मरत नाही, पण राहतही नाही. पोर चार-पाच वर्षांची असताना भावजय तिला घेऊन बेटम्याला माहेरी गेली आणि तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागली. भाऊ म्हणाला, "गेली तशी येईल." ती आली नाही. आणायला हा गेला नाही. आई म्हणाली, "आपण का जायचं?" झालं.

कोर्टानं पोरीसाठी दरमहा रक्कम ठरवून दिली. फार नव्हती. त्याच्या कमाईत सहज निघाली असती. पण ती जाणार होती पोरीच्या आईच्या खात्यात, आणि तिथंच गाडं अडलं. "तिच्या हातावर पैसा ठेवू? मेलो तरी नाही," असं त्यानं कारखान्यात मला ठणकावून सांगितलं. मी म्हटलं, "अरे, खाते काय तिची आई एकटी? पोरीला दूध लागत नाही, व्हॅन लागत नाही?" तर म्हणे, "पोरीला मी काय कमी करतो काय?"

आणि खरंच, त्याच्या हिशेबानं तो काही कमी करत नव्हता. वाढदिवसाला गिअरची सायकल नेली. पोरीचे पाय पॅडलला पोचत नव्हते. इंग्रजीत बडबडणारी बाहुली नेली. दोन मापं मोठा लेहंगा नेला, ज्याचा काठ मी बसून उचलला. त्याच महिन्यात भावजयीनं शाळेतल्या दुसऱ्या बाईंकडून उसने घेऊन व्हॅनवाल्याला दिले होते, हे मला तिच्या आईकडून कळलं. सायकल त्यांच्या ओट्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी. मी भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "सायकल कशी वाटली तिला, ते सांग."

पैसे तुंबत गेले. कोर्टानं विचारलं तेव्हा या शहाण्यानं जजसाहेबांपुढं सायकल, बाहुली आणि लेहंगा मांडला आणि म्हणाला, याची वजावट करा. जजसाहेब शांतपणे म्हणाले, "वो आपकी खुशी थी, ये आदेश है." मला इतकी लाज वाटली की मी पदर तोंडावर घेतला. पण भावाला लाज नाही वाटली, राग आला. त्याला वाटलं, बापाच्या प्रेमाची कोर्टात किंमत झाली नाही.

मग ठरलं, पैसे भरा, नाहीतर जेल. आणि इथं आमच्या घरच्यांनी जी माती खाल्ली ती आमच्याच घरचे खाऊ शकतात. एक चुलतकाका आहेत, त्यांना कोर्टातलं सगळं कळतं असा त्यांचा स्वतःचा समज आहे. ते आमच्या हॉलमध्ये पाय पसरून, शेव खात म्हणाले, "बसून ये रे. एकदा अंदर जाऊन आला की सगळं साफ. मग कोणाच्या बापाची हिंमत नाही मागायची." भावाचे डोळे चमकले. त्याला हे अगदी पटलं. पैसे देणं म्हणजे हार, आणि जेल म्हणजे काही तरी मर्दानी. आईसुद्धा मान डोलावत होती. मी म्हटलं, "अरे, आधी वकिलाला तर विचार!" भाऊ म्हणाला, "वकील काय, त्याला तर तारखा पाहिजेत." काकांनी आणखी शेव घेतली.

माझी भिशी निघाली होती. मी म्हटलं, मी भरते, नंतर दे सावकाश. तो असा माझ्याकडे बघायला लागला जसं मी त्याला शिवी दिली. "बहिणीच्या पैशावर सुटू? आणि भाऊबीजेला तुझ्यापुढं पाटावर कोणत्या तोंडानं बसू?" आईनं तर शपथच घातली, "त्याला दिलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." म्हणून मी बेटम्याला गेले आणि भावजयीपुढं पाकीट धरलं. तिनं ते हळूच माझ्याच पर्समध्ये परत घातलं. म्हणाली, "ताई, पोरीला बाप आहे ना? त्यानं द्यावं. तुम्ही कशाला?" तिचं काय चुकलं? काही चुकलं नाही. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधे ती पोर होती.

दसरा झाल्यावर पोलीस कारखान्यात आले. भावानं त्यांना चहा पाजला. स्वतः हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, मशीनवर कापड पांघरलं आणि शटर ओढलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं मला नंतर सांगितलं, "दीदी, ऐसे गए जैसे बारात में जा रहे." मला तिथंच रडू फुटलं. त्या शर्टाचं बटण मी आदल्या आठवड्यात लावून दिलं होतं.

पोरीला काय सांगायचं? भावाचा निरोप होता, सांगा की पप्पा सुरतला कामाला गेलेत. मी फोनवर तेच सांगितलं. मग तिनं विचारलं, "आत्या, सुरतला पण जेल आहे का?"

बेटमा केवढंसं! तिच्या वर्गातल्या पोरांना तिच्या आधीच कळलं होतं.

भाऊबीजेला जेलमध्ये खुली मुलाकात असते. एरवी जाळीतून बोलायचं, त्या दिवशी बहिणींना आत अंगणात सोडतात. सकाळपासून गेटवर बायकांची ही लांब रांग, थैल्या, लेकरं, नवे कोरे सलवार-सूट. मी चांदीचं निरांजन, तुपातली वात, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं ताटात रचून, वर रुमाल बांधून नेलं होतं. तपासणी करणाऱ्या बाईनं सगळं उघडून बघितलं. घरचे बेसनाचे लाडू बाजूला काढले. मिठाई आतल्या कँटीनचीच. मग म्हणाली, "दिया ले जाओ. माचिस नहीं." मी म्हटलं, "बाई, बिना माचिस के दिया क्या करूंगी?" ती म्हणाली, "वो मैं क्या जानूं, दीदी. आगे चलो."

अंगणात सतरंज्यांसारख्या दऱ्या अंथरल्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या बहिणी टिळा लावत होत्या, सुक्या खोबऱ्याचा गोळा हातात देत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या. भाऊ आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, आणि चेहऱ्यावर ते आमचं घराण्याचं हसू. मी ओढणीची घडी करून खाली टाकली, तो तिच्यावर मांडी घालून बसला, डोक्यावर रुमाल घेतला. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. आणि मग ते थंड निरांजन ओवाळलं. लहानपणापासून ओवाळतेय त्याला, त्याच्या डोळ्यांत ज्योत दिसायची. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "दीदी, आपका दिया बुझ गया." मी म्हटलं, "जला ही नहीं था, बहन."

ओवाळून झालं तसा त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "ताई, ओवाळणी उधार राहिली," म्हणाला.

"उधार नको. मी मागते ते दे."

"माग की. काय पाहिजे ते माग."

"मशीन वीक आणि पोरीचं देऊन टाक."

त्याचं हसू गेलं. तो दरीची सुतं उपसायला लागला. "ते सोडून माग."

"मग मला दुसरं काही नको."

"ताई, समज ना. थोडे दिवस राहिलेत. मग मी मोकळा. मग पोरीला मी माझ्या मर्जीनं देईन, कोणाच्या ऑर्डरनं नाही. राणीसारखी ठेवीन, तू बघशील." आणि मग हळूच, "तिला सुरतचं सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हटलं. तिनं काय विचारलं ते मात्र नाही सांगितलं. सणाच्या दिवशी, अंगावर धड स्वेटर नाही, समोर बसून कँटीनचा लाडू खातोय, त्याला काय सांगणार? शिट्टी झाली. बायका उठल्या. तो माझ्या पाया पडला आणि माझं न पेटलेलं ताट स्वतः उचलून गेटपर्यंत आणून दिलं.

थंडी पडायला लागली तेव्हा तो सुटला. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. काका पोहे-जलेबी घेऊन आले. भावानं आंघोळ केली, दाढी केली आणि तो हॉलमध्ये येऊन बसला. "झालं साफ," काका म्हणाले. "साफ," भाऊ म्हणाला. जलेबीचा पाक त्याच्या बोटांवरून मनगटावर ओघळत होता, आणि मला वाटलं, चला, जे झालं ते झालं, निदान आता तरी हा पोरीकडे जाईल.

दोन दिवसांनी तो वकिलांकडे निघाला, फाईल बंद करायला म्हणून. मला म्हणाला, चल. वकील जुने, आमच्यातलेच, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साफ? काय साफ?"

"बसून आलो ना मी."

"अरे भाऊ, ती तर न देण्याची सजा होती. देणं तसंच आहे. उलट तू आत होतास ते महिने पण जुडले. आता जप्ती येईल, मशीनवर येईल, परत वॉरंट निघेल. तुला कोणी सांगितलं साफ होतं म्हणून?"

भाऊ आधी हसला. त्याला वाटलं, वकील गंमत करतायत. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मग मी आत बसलो कशाला?"

वकील म्हणाले, "ते तर तूच सांग."

आम्ही जिना उतरून खाली चहाच्या ठेल्यावर बसलो. तो कप धरून बसला, चहावर साय आली तरी प्यायला नाही. मला त्याला फाडून खावंसं वाटत होतं. तुला सांगितलं नव्हतं मी, वकिलाला विचार म्हणून? त्या शेव खाणाऱ्याचं ऐकलंस ते? सगळं ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "ताई, दिवाळी फुकट गेली गं." अगदी लहानपणी फटाके भिजल्यावर म्हणायचा तसं. मी कसली बोलते मग. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मी नव्हतो तेव्हा पोरीनं काही विचारलं का?"

तेव्हा मी त्याला सुरतच्या जेलचं सांगितलं.

तो उठला, चहाचे पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी मशीनला गिऱ्हाईक शोधायला निघाला. जे मी ओवाळणीत मागितलं होतं ते त्यानं दिलं, पण दिलं तेव्हा त्यातून पोरीची दिवाळी थोडीच परत येणार होती?

मशीन नेली त्या दिवशी मी गेले होते. साखळी बांधून टेम्पोत चढवली. जमिनीवर तेलाचा काळा चौकोन राहिला. भावानं आदल्या दिवशी तिला चिंधीनं पुसून लखलखीत केलं होतं, जशी मुलगी सासरी पाठवतात. "वडिलांना वाईट वाटलं असतं ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "त्यांना याच्या आधीच वाटलं असतं." बोलायला नको होतं, पण बोलले. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या मशीनवर काम करतो.

तुंबलेली रक्कम वकिलांनी सांगितलं तशी कोर्टात भरली. फक्त चालू महिन्याचे पैसे तो म्हणाला, मी हातानं देणार. पोरीच्या हातात. "आईच्या नाही?" मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे मशीन गेली, पण अकडीचा एक तुकडा अजून होताच.

आम्ही बसनं बेटम्याला गेलो. त्यानं तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता. पूर्ण रस्ताभर तो पाकीट या खिशातून त्या खिशात करत होता. "काय बोलू तिच्याशी?" मधेच विचारलं. मी म्हटलं, "बापासारखं बोल." तर म्हणाला, "तेच तर."

ओट्यावर सायकल उभी होती, प्लॅस्टिक फाटलेलं, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. आता पोरीचे पाय पोचले असते. भावजयीनं दार उघडलं, पाणी दिलं, खुर्ची पुढं केली. चेहऱ्यावर ना राग ना काही. दमलेली दिसत होती. पोर आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी. अंगात मी दिवाळीला पाठवलेला फ्रॉक. अंदाजानं शिवला होता, बाजूला भरपूर कापड दाबून ठेवलं होतं, तरी बाह्या आखूड झाल्या होत्या. इतकी वाढली, आणि मी बघितलं नव्हतं.

"पप्पा," म्हणत ती आली, वाकून पाया पडली आणि लगेच दोन पावलं मागं गेली.

भावानं पाकीट पुढं केलं. "घे बेटा."

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नको."

"अगं घे. तुझेच आहेत."

"नको पप्पा. परत नेतील तुम्हाला."

भावजय घाईघाईनं म्हणाली, "मी किती वेळा समजावलं हिला, असं नसतं म्हणून. ऐकतच नाही." पण पोर आता थांबेना. "मी आईला सांगितलंय, मला व्हॅन नको. मी आणि समोरची ताई चालत जातो. आणि पिकनिकला पण नाही गेले. मला काहीच नाही लागत, पप्पा. खरंच."

भाऊ खुर्चीवरून खाली उतरला, गुडघ्यावर बसला. "तुझ्यामुळं नाही गं नेलं. चूक माझी होती. मी पैसे नव्हते दिले म्हणून नेलं. तुझा काय संबंध?"

"माझंच तर नाव घेतलं होतं त्या कोर्टातल्या काकांनी. आधी माझं, मग तुमचं," ती म्हणाली. "आणि मी यस सर म्हणाले."

मला वाटलं, जमिनीनं मला गिळावं. तिचा तो वर केलेला हात. किती जणींना दाखवला मी! हसवलं, स्वतः हसले. आणि ही पोर इतके महिने तोच हात पाठीमागं लपवून बसली होती. तिला वाटत होतं, तिनं हो म्हटलं म्हणून बापाला नेलं. आम्हा एवढ्या मोठ्या माणसांना, कोर्ट-कचेऱ्या कळणाऱ्यांना, घराण्याची नाकं सांभाळणाऱ्यांना, एकालाही हे सुचलं नव्हतं.

भाऊ उठला, पोरीकडे न बघता भावजयीपाशी गेला आणि पाकीट तिच्यापुढं धरलं. तिच्या हातावर. मेलो तरी नाही म्हणाला होता, तिथं. तिनं ते घेतलं, टेबलावर ठेवलं. "चहा ठेवते," म्हणाली, आणि आत गेली. पोर टेबलावरच्या पाकिटाकडे बघायची, मग रस्त्याकडच्या दाराकडे, परत पाकिटाकडे. चहा होऊन कप खाली ठेवेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

निघताना भाऊ ओट्यावर बसून बुटाची लेस बांधत होता. मी रस्त्यावर उतरले होते. पोर बाहेर आली, आई ऐकत नाही ना ते बघितलं, आणि त्याच्या अगदी कानाशी वाकली. हळू बोलत होती, पण मला ऐकू आलं.

"पप्पा, आता परत माझं नाव पुकारलं ना, तर मी बोलणारच नाही. गप्प बसून राहीन."

भावाचे हात लेसवरच थांबले. समोरून इंदूरची बस आली, हॉर्न वाजवत उभी राहिली, आणि गेली. मी त्याला ऊठ म्हटलं नाही.